तीनशे कशाचे?

काका, नमस्कार.

मी कराडजवळ हायवेलगत चारचाकीचं गॅरेज चालवतो. वय 34. आयटीआय झाल्यावर सात वर्षं एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होतो. तिथे टार्गेटसाठी चांगले पार्ट काढून फेकायला लागायचे, म्हणून बाहेर पडलो. पाच वर्षं झाली. जे गेलंय तेवढंच बदलायचं, हा माझा नियम. पण हातात काही राहत नाही. भाडं 14,000, दोन पोरांचे पगार मिळून 28,000, वीज-फोन 4,000, लिफ्ट आणि स्कॅनरच्या कर्जाचा हप्ता 6,000.

परवा एकाची गाडी पुढून खडखडत होती. दुसऱ्या गॅरेजने शॉकअप, लोअर आर्म असं मिळून 18,000चं एस्टिमेट दिलेलं. मी दीड तास शोधलं. स्टॅबिलायझरची लिंक, म्हणजे चाकाजवळची छोटी दांडी, गेली होती. 900चा पार्ट, अर्ध्या तासाचं काम. मजुरी 300 लावली तर म्हणाला, "तीनशे कशाचे? दोन नट तर काढले." शेवटी 200 घेतले. शेजारचा गॅरेजवाला मजुरी नावालाच घेतो आणि पार्टमध्ये काढतो, त्याच्याकडे रांग असते. ड्रायव्हर कट मागतात, विम्याचे क्लेमवाले जुने पोचे नव्या अपघातात घालायला सांगतात, शेतकरी गिऱ्हाईक उधारी ऊस बिलावर ठेवतं.

आणि एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. माझ्या हाताखालच्या मावसभावाने मागच्या महिन्यात एका शिक्षिका बाईंच्या गाडीला ओरिजिनलच्या खोक्यातून लोकल ब्रेक पॅड घातले आणि मधले पैसे खाल्ले. मला चार दिवसांपूर्वी कळलं. सांगितलं तर गावात नाव जाईल. शांत राहू का? की धंदाच बंद करू?

– एक गॅरेजवाला

*

काका म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात 26 वर्षं बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून कापून सरळ करायचं मशीन चालवलं. तुझ्यासारखी लिफ्ट आमच्याकडे नव्हती, पण "कशाचे पैसे?" हे मी मराठी, कानडी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत ऐकलंय.

पत्राच्या शेवटी लिहिलंयस ते आधी घेतो, कारण ते ब्रेकचं आहे. बाकीचं आठवडाभर थांबेल.

बाईंना आज फोन कर. "मॅडम, मागच्या महिन्यात तुमच्या गाडीला पुढचे ब्रेक पॅड बसवले, त्यात आमच्याकडून चूक झाली. बिलावर लिहिलाय तो माल गाडीत नाही. गाडी न्यायला मी स्वतः येतो, दोन-तीन तासांत परत आणून देतो, पैसे काही नाहीत. तोवर गाडी काढू नका." एवढंच. "स्पेअरवाल्याने फसवलं", "पोरगा नवीन आहे" यातलं काही तोंडातून काढू नकोस. त्यांनी विचारलं तर पोराने केलं आणि गॅरेज माझं आहे, असं सांग.

गाडी आली की नुसते पॅड बदलून मोकळा होऊ नकोस. लोकल पॅडचं लायनिंग कडक असलं तर ते डिस्क खातं. चाक काढ, डिस्कवर आडवं नख फिरव, रेघेत अडकतंय का बघ, मग मायक्रोमीटर लाव. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, हे तुला मी सांगायला नको. डिस्क गेली असेल तर तीही तुझ्या पदरच्या पैशाने. काढलेले पॅड आणि नव्या पॅडचं खोकं बाईंच्या हातात दे. चार-सहा हजारांना खड्डा पडेल. पडू दे.

नाव जाईल म्हणतोस. जाईलही थोडं. शिक्षिका आहेत, स्टाफरूममध्ये चर्चा होईल. पण न सांगता काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो.

लग्नसराईचे दिवस होते. एका टेम्पोचं इंजिन माझ्याकडे बोअरिंगला आलेलं. ओव्हरसाइज पिस्टन घातला आणि फट मोजली तर एका सिलिंडरला कमी निघाली. परत होनिंगला लावायचं, म्हणजे सिलिंडर आतून घासायचा, तर दोन तास गेले असते, आणि टेम्पोवाला दारात उभा, संध्याकाळचं वऱ्हाड ठरलेलं. मी म्हटलं, चालून चालून मोकळं होईल. तिसऱ्या दिवशी करूळ घाट चढताना इंजिन जाम झालं. माणसं होती गाडीत. कुणाला काही झालं नाही, रात्रभर रस्त्यावर बसून राहिली एवढंच. तो इंजिन घेऊन परत आला, तेव्हा मी त्याच्या ऑइलला नाव ठेवलं. "हलकं ऑइल घातलंस म्हणून झालं." त्याने मान डोलावली, माझ्याकडूनच पुन्हा बोअर करून घेतलं आणि पूर्ण पैसे दिले. नोटा मोजताना अंगठ्याला थुंकी लावायची त्याची सवय होती. तीस वर्षं झाली, ते मोजणं अजून दिसतं.

आता तुझा मावसभाऊ. लगेच हाकलू नकोस, पण त्याला हे कुठे शिकायला मिळालं ते शोध. माझा अंदाज सांगतो. तू त्याला रोख पैसे देऊन स्पेअर आणायला पाठवतोस. काउंटरवरचा माणूस त्याच्या खिशात शंभर-दोनशे सरकवतो आणि म्हणतो, "हे घे, दिसायला सेम आहे, खोकं पण देतो." पोरगा चोर होण्याआधी त्याला काउंटरने गिऱ्हाईक केलेलं असतं. म्हणून उद्यापासून पोरांच्या हातात स्पेअरचे पैसे द्यायचे नाहीत. ऑर्डर तू फोनवर द्यायची, पैसे खात्यावरून जायचे, पार्ट दुकानदाराने पोचवायचा आणि सीलबंद खोकं तू फोडायचं. होलोग्राम, क्यूआर कोड तपासायचा आणि एमआरपीवर दुसरं स्टिकर डकवलंय का तेही बघायचं. जुना पार्ट त्याच खोक्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवायचा, गिऱ्हाइकाने मागो न मागो. आणि खाल्लेले पैसे मावसभावाच्या पगारातून कापायचेच असतील तर आईसमोर, मावशीसमोर तमाशा न करता काप. दुसऱ्यांदा झालं तर मात्र नात्याकडे बघू नकोस.

आता तुझ्या तीनशे रुपयांकडे येतो.

तू दिलेल्या आकड्यांची बेरीज 52,000 होते. तुझ्या घराला महिन्याला 30,000 तरी लागत असतील. म्हणजे 82,000. तुम्ही तिघं, दिवसाचे आठ तास, महिन्याचे 26 दिवस, मिळून 624 तास. त्यातले निम्मे जातात पार्टची वाट बघण्यात, फोनवर, चहात आणि "जरा आवाज ऐका ना" म्हणणाऱ्यांत. बिल लावता येतील असे तास 312. भागाकार कर. तुमच्यातला एकजण तासभर गाडीखाली गेला तर 263 रुपये मिळायला हवेत, तेव्हा कुठे गॅरेजचं शटर नुकसानाशिवाय उघडतं. घासलेला पाना, फुटलेला जॅक, रिकामा पावसाळी आठवडा यात धरलेला नाही. ते धरून मी तासाला 350 म्हणेन.

त्या लिंकवाल्या गाडीला दोन तास गेले. म्हणजे नुसता खर्चच 525चा होता. तू 200 घेतलेस. पार्टमध्ये शे-दीडशे सुटले असतील ते वजा कर. उरलेले तू त्याला खिशातून दिलेस, त्याचे जवळजवळ 17,000 वाचवल्याबद्दल! आणि तो घरी जाऊन सांगत असेल, तीनशे लावत होता, दोनशेवर आणला.

इथे मला तुझ्यावर थोडं रागवायचंय. तू बिलावर काय लिहिलंस? माझी पैज आहे, "लिंक 900, मजुरी 300". म्हणजे ज्या दीड तासात तुझी सात वर्षांची नोकरी आणि पाच वर्षांचा धंदा पणाला लागला, तो दीड तास त्या कागदावर नाहीच. गिऱ्हाइकाने दोन नट बघितले, कारण तू त्याला दोन नटच दाखवलेस. तो बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसला होता ना? त्याला आत बोलवायचं. लिफ्टवर गाडी घेऊन लिंकचा बॉल जॉइंट हाताने हलवून दाखवायचा. लोअर आर्मला पहार लावून दाखवायची, की बघा, हे हलत नाही, हे चांगलं आहे. आणि कागदावर लिहायचं: आवाज शोधणे, रोड टेस्टसह, दीड तास. लिंक बसवणे, अर्धा तास. पार्ट, एमआरपीप्रमाणे. 700 मजुरी, 900 पार्ट. सोळाशे रुपये म्हणताना तुझी जीभ अडखळेल. पहिले चार-पाच वेळा सगळ्यांचीच अडखळते.

शेजाऱ्याकडे रांग का आहे, तेही समजून घे. आपल्या माणसाला वस्तूचे पैसे द्यायला जड जात नाही, कारण वस्तू हातात येते. डोक्याचे पैसे द्यायला जड जातं. शेजारी हे ओळखून आहे. तो मजुरी शंभर लिहितो आणि चांगला शॉकअप काढून आठ हजारांचा नवा घालतो. आवाज त्याचाही जातो, कारण ते सगळं खोलताना लिंक बदलली जातेच. गिऱ्हाईक खूश. तू त्याच्या मजुरीच्या दराशी बरोबरी करायला जातोस, आणि त्याचा पार्टमधला पैसा तुझ्याकडे नाही. अशी शर्यत जिंकता येत नाही.

म्हणून गाडी खोलण्याआधीच सांगायचं, की शोधायचे पैसे वेगळे पडतील. स्कॅनर लावून, रोड टेस्ट करून काय झालंय ते लिहून देईन, 400 रुपये. काम माझ्याकडे करा नाहीतर कुठेही करा. काही गॅरेजवाले काम केलं की ही रक्कम मजुरीत वळती करतात. मी म्हणतो, करू नकोस. वळती केलीस की शोधणं पुन्हा फुकट झालं, आणि काहीतरी काम निघायलाच हवं असा मोह तुलाच होईल. "काहीही झालेलं नाही, टर्मिनल साफ केलं, 400 द्या" असं सांगता येणं ही चैन त्या चारशेंमुळेच परवडते. गिऱ्हाइकं तुटतील. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच तुटतील, त्यासाठी घरखर्चाची तरतूद आधी कर, आणि बायकोला निदान हे तरी सांग.

पार्टवर तुला सुटणाऱ्या पैशाबद्दल तू पत्रात काहीच लिहिलेलं नाहीस, पण त्यात अवघडू नकोस. दुकानदार तुला व्यापारी सवलत देतो आणि तू एमआरपीला लावतोस, यात पाप नाही. पार्ट चुकीचा निघाला तर परत द्यायला तू धावतोस, महिन्यात खराब झाला तर पुन्हा तूच खोलतोस. एमआरपीच्या वर एक रुपया घेतलास तर तो गुन्हा आहे. दुकानदाराने "ह्या ब्रँडचा माल लाव, दिवाळीला सहल देतो" म्हटलं तर मात्र सावध हो, कारण मग पार्ट कुठला बसवायचा हे गाडी ठरवत नाही, सहल ठरवते.

आणखी एक. "जे गेलंय तेवढंच बदलायचं" हा नियम ऐकायला छान आहे, पण तू स्वस्तात करण्याला प्रामाणिकपणा समजत असशील तर घोळ आहे. क्लच प्लेट गेली म्हणून गिअरबॉक्स उतरवलास, आणि प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग "अजून चालतंय" म्हणून तसंच ठेवलंस, तर सहा महिन्यांनी त्या बेअरिंगसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा. ती मजुरी कोण देणार? पूर्ण सेट घालायचा सल्ला देणं ही लूट नाही. दोन्ही खर्च गिऱ्हाइकासमोर मांड, ठरवू दे त्याला, आणि त्याने नको म्हटलं तर जॉबकार्डवर तसं लिहून सही घे. जॉबकार्ड ठेवतोस ना? किलोमीटर, पेट्रोलचा काटा, आधीचे पोचे आणि तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. "थंडीत सकाळी कुईकुई" असं म्हणाला तर तसंच लिही.

उलट बाजूही आहे. हल्ली प्रत्येकजण ॲव्हरेज कमी झालं म्हणून येतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, आणि एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. थोडा फरक पडणारच. इंजेक्टर क्लीनिंग विकायला हा उत्तम मोका आहे, पण तो साधू नकोस. फिल्टर, प्लग, टायरची हवा आणि ब्रेक धरतोय का एवढं बघ, आणि सगळं ठीक असेल तर सांग, की ह्याचा पाना माझ्याकडे नाही.

कट मागणारा ड्रायव्हर: चहा पाज, कट देऊ नकोस. बिल आणि जुन्या पार्टचे फोटो थेट मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाक. हे काम तुझ्या हातून जाईल, हे धरून चाल. दहापैकी एखादा मालक स्वतः गाडी घेऊन परत येतो, बाकीचे नऊ येत नाहीत.

क्लेमवाला जुना पोचा घालायला का सांगतो, ते बघ. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसलेल्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात. बंपर प्लॅस्टिकचा. अर्धे पैसे त्याच्या खिशातून जाणार हे त्याला बिलाच्या दिवशी कळतं, मग तो ते कुठूनतरी भरून काढायला बघतो. गाडी आत घेतानाच पॉलिसी मागून त्याला अंदाजे आकडा सांग. जुना पोचा क्लेमच्या बाहेर ठेव. गाडी रंगाला लागणारच आहे, तर तेवढा पॅनल कमी मजुरीत करून देतो म्हण. खोट्या क्लेमवर सही त्याची असली तरी एस्टिमेट तुझं असतं.

उधारीत तू तुझाच हक्क सोडतोयस. 1872च्या करार कायद्याचं कलम 170 असं आहे, की ज्या वस्तूवर तू मेहनत आणि कसब लावलंस, ती वस्तू मेहनताना मिळेपर्यंत तू अडवून ठेवू शकतोस. पण दोन अटी लक्षात ठेव. काम त्याने सांगितलेलं आणि ठरल्याप्रमाणे वेळेत पूर्ण केलेलं असावं, म्हणून पुन्हा ते जॉबकार्ड. आणि हक्क त्याच गाडीपुरता, त्याच कामापुरता. मागच्या ट्रॅक्टरच्या बाकीसाठी आजची कार अडवता येत नाही. "ऊस बिलावर देतो" याला तू एकदा हो म्हणालास की हक्क संपला, कारण मुदत तूच दिलीस. कायद्याने ऊस कारखान्यात पोचल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला हवं. ते किती दिवसांत मिळतं हे कराडच्या माणसाला मी कोल्हापुरातून काय सांगणार! शेतकऱ्याला अडवू नये असं तुलाही वाटतं, मलाही वाटतं. मग पार्टचे पैसे आधी रोख घे आणि उधारी फक्त मजुरीची ठेव. बुडाली तर तुझा घाम बुडेल, दुकानदाराचं देणं तरी अंगावर येणार नाही.

बिल मात्र प्रत्येकाला द्यायचं, न मागणाऱ्यालाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आणि तुझ्या आकड्यांवरून मजुरी आणि पार्ट मिळून वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आसपास जात असणार. गॅरेज सेवेत मोडतं, तेव्हा 20 लाखांवर गेलास की जीएसटी नोंदणी लागते, आणि हे 20 लाख नफ्याचे नव्हेत, पूर्ण बिलांचे. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळे ऑटो पार्ट 18 टक्क्यांवर आलेत, मजुरीवरही 18च आहे, त्यामुळे हिशेब पूर्वीपेक्षा सोपा झालाय. "बिल नको, तेवढे कमी करा" म्हणणारे भेटतील, आणि बिल न देणारा शेजारी स्वस्त पडेल. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एखादा चांगला सीए गाठ आणि नोंदणी उशिरा करू नकोस.

धंदा बंद करू का, विचारलंयस. तासाला 350चा बोर्ड न लावताच बंद केलास तर तू धंदा केलाच नाहीस, पाच वर्षं समाजसेवा केलीस असं म्हणेन. येत्या खंडेनवमीला हत्यारं पुजशील, त्या दिवशी बोर्ड लाव. पुढच्या खंडेनवमीपर्यंत वही ठेव, कुठल्या गाडीला किती तास आणि किती पैसे. मग मला पुन्हा लिही, बंद करायचं का ते आकडे बघून बोलू.

आता आधी स्पेअरवाल्याला फोन करून पॅड मागवून घे, नाहीतर बाईंची गाडी आणशील आणि पार्टची वाट बघत बसशील. शाळा पाचच्या सुमाराला सुटत असेल. तास चालू असताना फोन करू नकोस.